बैसाणेबाईंचं इंग्रजी

बाईंचं वाक्य मध्येच थांबलं. पाचही पोरं वहीवर पेन टेकवून पुढच्या शब्दाची वाट बघत बसली. बाईंचं तोंड उघडं होतं आणि उजवीकडचा ओठ खाली ओघळला होता. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला खाटेवर ज्वारीचे बिबडे, पापडासारखे, वाळत घालत होते. मला वाटलं, रागावल्या. राग आला की त्या अशाच थांबायच्या. मग त्यांच्या हातातलं पुस्तक पायावर पडलं आणि त्यांनी ते उचललं नाही. पुस्तक पडू देणारी ती बाई नव्हती.

"मॅडम?" पोरांतली वैशाली म्हणाली.

बाईंनी बोलायचा प्रयत्न केला. नुसता आवाज आला, शब्द नाही. जात्यात दाणे नसताना जातं फिरवावं तसा.

"बघत काय बसलात?" मी ओरडले. "रिक्षा आणा."

बाविस्कर नावाचा उंच मुलगा अनवाणीच पळाला. बाई खुर्चीतून उजव्या अंगावर कलल्या, तेव्हा मी आणि वैशालीने त्यांना धरलं. माझे हात ज्वारीच्या घाट्याने भरले होते. बाईंच्या इस्त्रीच्या पांढऱ्या साडीला तो घाटा लागला. आमच्या मेहरूणपासून दवाखान्यापर्यंत मी त्यांचं डोकं खांद्याशी धरून बसले होते, आणि डोक्यात एकच होतं, ही बाई आता गेली तर तिच्या गावी कोणाला कळवायचं.

मार्च महिना होता. पोरांची एम.ए.ची परीक्षा पुढच्या महिन्याच्या अखेरीला होती.

सुमन बैसाणे जळगावच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. इंग्रजी वाङ्मयाचा इतिहास आणि समीक्षा, हे त्यांचे विषय. आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत त्या राहायच्या, ओटा दोघींचा एकच. लग्न केलं नव्हतं. का नाही, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, म्हणून आमचं जमलं. मी चौथी शिकलेली. बाईंबद्दल लिहायला त्यांचे विद्यार्थी आहेत, त्यातले काही आता स्वतः प्राध्यापक आहेत. पण त्यांनी बाई वर्गात पाहिल्या. मी ओट्यावर पाहिल्या.

त्या वाचायच्या चालत. हातात पुस्तक धरून ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अनवाणी. वळताना पान उलटायच्या. मध्ये माझं सूप असलं तर न बघताच ओलांडून जायच्या. साड्या सगळ्या सुती, पांढऱ्या, बारीक काठाच्या, आणि इस्त्री स्वतः करायच्या. वीज गेली आणि इस्त्री झाली नाही तर कॉलेजला उशीर चालायचा, सुरकुतलेली साडी चालायची नाही. एकदा मी म्हटलं, "बाई, एवढं काय? कोण बघतंय?" त्या म्हणाल्या, "अक्का, आमच्या बाईमाणसाच्या साडीकडे पहिल्यांदा बघतात, तोंडाकडे नंतर." आमच्या म्हणजे कोणाच्या, ते मला कळलं. बाई बौद्ध होत्या. त्यांचा बाप साक्रीकडे एका पाटलाच्या घरी सालाने राहायचा. गल्लीत त्या राहायला आल्या तेव्हा कोण काय बोललं ते इथे लिहीत नाही. बोलणारे अजून आहेत, आणि आता त्यांची नातवंडं बाईंचं नाव सांगून नोकऱ्यांचे अर्ज भरतात.

त्यांच्यापुढे "सगळे" हा शब्द काढायची सोय नव्हती. मी एकदा म्हटलं, "गल्लीतल्या सगळ्या बायका म्हणतात, पलीकडचा दूधवाला पाणी घालतो."

"सगळ्या म्हणजे कोण, अक्का?"

"सगळ्याच."

"दोन नावं सांगा."

मला एकच नाव सांगता आलं, आणि ते माझ्या जावेचं होतं. जाऊ दूधवाल्याशी भांडलेली होती. बाई चालत टोकाला गेल्या, पान उलटलं. त्या दिवसापासून मी कोणाबद्दल बोलायच्या आधी मनात दोन नावं शोधायला लागले, आणि माझं बोलणं निम्म्याने कमी झालं. घरातल्यांनी बाईंचे आभार मानले.

माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, त्यांना गल्ली नाना म्हणायची. नानांना कविता करायची खोड होती. घरात लग्न निघालं की मंगलाष्टकं तेच लिहायचे. त्यांच्या मधल्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा पानभर लिहून बाईंना दाखवायला आणलं. वाटलं असेल, प्राध्यापक बाई वाहवा करील. बाईंनी दोनदा वाचलं. मग विचारलं, "नाना, यातलं मुलीचं नाव काढून दुसरं घातलं तर ही कविता दुसऱ्या लग्नात चालेल का?"

"चालेल की! कुठेही चालेल," नाना खूश होऊन म्हणाले.

"मग ही तुमच्या मुलीची नाही."

नानांचं तोंड पडलं. "कुलवंती, गुणवंती, लक्ष्मीची पावलं, यात काय वाईट आहे?"

"वाईट काहीच नाही. पण तुमची मुलगी सायकलवर दूध घालायला जाते, कुत्र्याला शिव्या घालते, आणि विहिरीत पडलेली बादली काढायला तिला बोलावतात. ती यात कुठे आहे?"

नाना तरातरा निघून गेले. आठ दिवस आमच्या ओट्यावर आले नाहीत. लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली, आणि तिसऱ्या कडव्यात सायकल आली, पाचव्यात बादली. मांडव आधी हसला, मग नानांची बायको डोळे पुसायला लागली, मग भटजीही थांबून ऐकायला लागले. नंतर जेवणाच्या पंगतीत नाना बाईंना म्हणाले, "तुम्ही मला रडवलंत." बाई म्हणाल्या, "मी नाही, बादलीने." एवढं बोलून त्या वरण वाढून घेऊ लागल्या.

एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही. बाई अहिराणी बोलायच्या नाहीत. माझं माहेर फैजपूरकडचं, आमची बोली वेगळी, पण अहिराणी सगळीकडे कानावर पडतेच, तिला नाकं मुरडायचं काय कारण? त्यांच्या वर्गात शिरपूर, साक्री, पारोळ्याची मुलं असायची. कोणी चुकून म्हणालं, "मॅडम, मनी वही घरी शे," की बाई दाराकडे बोट दाखवायच्या. "बाहेर जा. मराठी नाहीतर इंग्रजी घेऊन आत ये." त्यांची म्हातारी आई वर्षातून दोनदा गावाहून यायची. ती अहिराणीत बोलायची आणि बाई तिला पुस्तकी मराठीत उत्तर द्यायच्या. म्हातारी एकदा माझ्याजवळ बसून म्हणाली, "देख वं अक्का, मनी पोर मनासंगे सरकारी बोलस."

मी बाईंना तोंडावर विचारलं, "आईशी तरी आईसारखं बोला की."

त्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्या दिवशी वर्गात तोंड उघडलं. एक वाक्य बोलले. वर्ग हसला, सर हसले. त्या दिवशी ठरवलं, हे वाक्य पुन्हा तोंडातून निघणार नाही. माझ्या मुलांनाही कोणी हसणार नाही." त्यांना पोटची मुलं नव्हती. मुलं म्हणजे विद्यार्थी.

असं होतं. म्हणून दवाखान्यात जे झालं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं.

तीन दिवस बाई नुसत्या बघत होत्या. उजवा हात आणि पाय लुळा. चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पानी दे माले."

मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "अक्का, मनं पुस्तक कोठे शे?"

मग त्यांनी स्वतःच ते ऐकलं. डोळे मोठे झाले. पुन्हा बोलायला गेल्या, पुन्हा तेच निघालं. डॉक्टर आले, म्हणाले, इंग्रजीत एक ते दहा म्हणा. बाईंचे ओठ हलले, आवाज नाही. साधं मराठीत काही सांगा म्हणाले, तर तेही अहिराणीच झालं. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "असं होतं कधी कधी. लकव्यात बाकीच्या भाषा जातात आणि सगळ्यात आधी शिकलेली तेवढी राहते. त्यांना कळतंय सगळं, इंग्रजीसुद्धा. तोंडात येत नाही. परत येईल का, सांगता येत नाही."

घरी आणल्यावर बाईंनी बोलणंच सोडलं. मुकी म्हणून जगायची तयारी होती, अहिराणी म्हणून नाही. लागेल ते बोटाने दाखवायच्या. डाव्या हाताने पुस्तक धरून वाचायच्या. कळत होतं हे मला दिसायचं, कारण वाचता वाचता कपाळाला आठ्या पडायच्या, जशा पूर्वी चुकीचं काही वाचलं की पडायच्या. पाचही विद्यार्थी भेटायला आले, मोसंबी घेऊन. जळगावात पेशंटला केळी कोणी नेत नाही. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि पोरं जाईपर्यंत वळल्या नाहीत.

मग प्राचार्य आले. चांगला माणूस होता, पण खुर्चीवर बसल्या बसल्या मोठ्याने इंग्रजीत बोलायला लागला, बहिऱ्याशी बोलावं तसा.

"साहेब," मी म्हटलं, "लकवा तोंडाला झालाय, कानाला नाही."

ते ओशाळले. मराठीत म्हणाले, बाईंच्या जागी तात्पुरते एक सर नेमलेत, मुलांचं नुकसान होणार नाही. बाईंनी आता आराम करावा. प्रकृतीच्या कारणाने लवकर निवृत्ती घेता येते, कागद ते स्वतः करून देतील, घाई काही नाही. बाई ऐकत होत्या. प्राचार्य गेल्यावर त्या भिंतीला धरून उठल्या, पाय ओढत कपाटापर्यंत गेल्या आणि कपाटातली पुस्तकं डाव्या हाताने एकेक करून सरळ करू लागल्या. सरळच होती ती. शिकवणं गेलं तर या बाईकडे उरणार काय, हे मला दिसत होतं, आणि त्यांनाही.

चारपाच दिवसांनी वैशाली आणि बाविस्कर ओट्यावर येऊन बसले. अभ्यासाला जागा हवी म्हणाले. वैशाली पारोळ्याची, शेतकऱ्याची मुलगी, हुशार आणि तोंडाळ. बाविस्कर चोपड्याचा. नवे सर वर्गात टिपणं लिहून द्यायचे. वैशाली ती वाचून बाविस्करला मराठीत अर्थ सांगत होती, कारण त्याला नव्या सरांचं इंग्रजी झेपत नव्हतं.

"त्या काळातल्या सगळ्या समीक्षकांचं मत असं होतं, की कवीचं आयुष्य माहीत असल्याशिवाय कविता कळूच शकत नाही."

"सगळ्या?" बाविस्कर म्हणाला.

"सरांनी तसंच लिहून दिलंय. पाठ कर."

आतून आवाज आला. "खोटं शे हाई!"

दोघं ताठ झाली. दाराशी बाई उभ्या होत्या, केस मोकळे, एक हात चौकटीला. "बठ्ठा? बठ्ठा म्हंजे कोन वं? दोन नावे सांग!"

वैशालीचं तोंड उघडंच राहिलं. बाविस्कर चटकन बोलून गेला, "मॅडम, तुम्ही माझ्या आजीसारखं बोललात!"

बाईंचा चेहरा काळवंडला. राग ओसरला आणि आपण काय बोललो ते त्यांना कळलं. त्या मागे वळल्या. तेवढ्यात वैशाली उठली आणि म्हणाली, "मॅडम, माले नही माहीत. तुम्हीच सांगा."

बाईंच्या समोर त्या मुलीने दोन वर्षांत अहिराणीचा एक शब्द काढला नव्हता. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता दाराकडे बोट दाखवतात. पण त्या दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या नव्या माठाकडे बोट केलं. "तो माठ आन आठे."

मी नुकताच बाजारातून आणलेला माठ बाविस्करने उचलून मध्ये ठेवला. बाई ओट्यावर बसल्या. शब्द शोधत, थांबत, पण बोलल्या.

"पहिला काळ. लोके कसं देखेत? आपला आजाना माठ असा व्हता, हाऊ तसा शे का? तोंड एवढं जोयजे, पोट एवढं जोयजे. मापमा नही, फेकी द्या." त्यांनी श्वास घेतला. "मंग दुसरा काळ उना. त्या म्हने, माप चुलामा घाला. कुंभारना मनमा काय व्हतं ते सांगा. तो रडत व्हता का हासत व्हता. मंग तिसरा उना. त्या म्हने, कुंभारले घर जाऊ द्या. माठ आठे शे ना? ठोका. आवाज कसा येस ते सांगा." आणि त्यांनी डाव्या हाताचं बोट वाकवून माठ वाजवला. पक्का भाजलेला होता, टणकन वाजला. बाजारात आम्ही बायका असंच वाजवून घेतो.

"आते चौथा," बाई म्हणाल्या. आवाज खाली आला. "त्या इचारतस, माठ चांगला शे, पानी गार शे. पन यानामाथून कोन पेस? आनि कोनले लांबथीन ओंजळमा वततस?"

माठ माझा होता. बाई माझ्या घरचं पाणी रोज प्यायच्या, तरी माझी नजर माठावरून खाली गेली. त्यांच्या बापाच्या ओंजळीत कोणी कसं पाणी ओतलं असेल ते मला दिसलं.

बाविस्करने विचारलं, "मंग मॅडम, या चौघांमध्ये खरा कोण?"

"चारीसनं आयकी ले. मंग तू ठोक." आणि वैशालीकडे बोट करून म्हणाल्या, "आते इंग्रजीमा सांग."

तिथून त्यांची ती पद्धत सुरू झाली. बाई अहिराणीत सांगायच्या आणि पोरं पाळीपाळीने उभं राहून ते इंग्रजीत करायची. चुकलं की बाई हातातली काठी ओट्यावर आपटायच्या, "नही!" बरोबर शब्द त्यांना माहीत होता, फक्त जिभेवर येत नव्हता. तो येईपर्यंत पोराला सोडायच्या नाहीत. एकेका वाक्याला अर्धा तास लागायचा. गाइडमधलं वाक्य चिकटवायला जागाच नव्हती. माठाचं इंग्रजी कुठल्या गाइडात असणार? पाचही जण यायला लागले, रोज सकाळी. मी बिबडे, कुरडया, पापड सगळं त्या ओट्यावर त्यांच्या कडेने केलं आणि इंग्रजी समीक्षेचा इतिहास पूर्ण ऐकला. मला तो समजला. काही काळ मला आवडले, काही नाही.

गल्लीला करमणूक झाली. नाना एक दिवस येऊन म्हणाले, "काय बाई, इंग्रजीची बस चुकली म्हणे?"

"बस चुकनी," बाई म्हणाल्या. "पाय शेत ना."

पोरं प्राचार्यांकडे गेली. आम्हाला नवे सर नकोत, बाई हव्यात. प्राचार्य म्हणाले, ज्या बाईंना इंग्रजी बोलता येत नाही त्या इंग्रजी कशा शिकवणार? वैशाली भांडली. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. एक तास घेऊ द्या, वर्गात, माझ्यासमोर. नाही जमलं तर बाईंनी निवृत्तीच्या कागदावर सही करायची."

निरोप ऐकून बाईंनी कपाटाकडे बोट केलं. इस्त्री. पांढरी साडी काढून मी तिला इस्त्री केली. निऱ्या मीच घातल्या, कारण एका हाताने निऱ्या पडत नाहीत. वर्ग वरच्या मजल्यावर होता. जिन्यावर मी एका बाजूने, वैशाली दुसऱ्या बाजूने. वर पोचल्यावर बाईंनी आम्हा दोघींचे हात सोडले आणि दारातून आत एकट्या गेल्या. मला दाराजवळच्या बाकावर बसायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कॉलेजच्या बाकावर बसले.

वर्ग भरलेला होता. खालच्या वर्गांची मुलंही येऊन उभी होती, तमाशा बघायला. प्राचार्य मागच्या बाकावर. बाईंनी डाव्या हातात खडू घेतला आणि फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहिला, वाकडा, मोठा. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग बाई बोलल्या, अहिराणीत, आणि हसणं वाढलं. त्या थांबल्या. मला पुण्याचा तो वर्ग आठवला, जो मी पाहिला नव्हता. वाटलं, आता खडू ठेवून बाहेर येतील.

त्यांनी काठी टेबलावर आपटली. "हासनं व्हयनं का? आते आयका."

आणि शिकवायला लागल्या. वैशाली शेजारी उभी राहून इंग्रजी करत होती. काठी दोनदा वाजली, दोनदा तिने सुधारलं. बराच वेळ गेला. मग प्राचार्य उठले आणि त्यांनी इंग्रजीत काही विचारलं. वैशालीने मला नंतर अर्थ सांगितला. शेदोनशे वर्षांपूर्वी कुठल्या समीक्षकाने काय म्हटलं, ते खानदेशातल्या या मुलांनी आज कशाला शिकायचं?

बाई म्हणाल्या, "कारन तो जे म्हने, ते यास्ना तोंडमाथून आजबी निंघस. आनि यास्ले वाटस, हाई आपलंच शे. कोनं शे ते समजनं, मंगच सोतानं सापडस."

दुसऱ्याचं कोणतं ते कळल्यावरच आपलं सापडतं, हे वैशालीने इंग्रजीत केलं. काठी वाजली नाही.

प्राचार्य मराठीत म्हणाले, "छान. पण हे या मुलीचं इंग्रजी आहे, बाई. उत्तर तुमचं की तिचं, मला कसं कळणार?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कॉलेजात त्या त्यांना नेहमी "आपण" म्हणायच्या. "तू ते धुळाकडला शे ना?" त्या म्हणाल्या. "मी काय बोलनू ते तुले समजनं. मंग तूच सांग इंग्रजीमा."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचं गाव धुळे तालुक्यातच होतं, हे अर्ध्या वर्गाला त्या दिवशी कळलं. त्यांनी सुरुवात केली. अर्ध्यावर काठी वाजली. "नही." प्राचार्य थांबले, डोकं खाजवलं, दुसरा शब्द घेतला. पुन्हा काठी. आता ते स्वतःशीच अहिराणीत पुटपुटले, "आपलंच शे... सोतानं सापडस..." आणि तिसऱ्यांदा सावकाश, एकेक शब्द जपून सगळं वाक्य बोलले.

"हां," बाई म्हणाल्या.

प्राचार्य खाली बसले. मग उठून टेबलाजवळ आले आणि म्हणाले, "बाई, सोमवारपासून तुमचा तास नेहमीच्या वेळेला." पोरांनी बाकं बडवली. मी बाकं बडवली नाहीत, पण उभी राहिले. का ते माहीत नाही.

पाचातली चार मुलं त्या वर्षी पास झाली. वैशाली कॉलेजात पहिली आली. पाचवा बाविस्कर. चोपड्याहून येताना त्याची बस वाटेत बंद पडली आणि समीक्षेच्या पेपरला तो पोचलाच नाही. पुढच्या वर्षी पास झाला. आता तो स्वतः शिकवतो.

बाईंचं इंग्रजी परत आलं, पण मुंगीच्या पावलाने. पहिला शब्द पावसाळ्यात आला. चौकात निवडणुकीची सभा होती आणि कर्ण्यावर कोणी पुढारी आमच्या वस्तीचं भाग्य उजळणार होता. ओट्यावर चालता चालता बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "नॉनसेन्स." आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग त्यांनी तो शब्द दहाबारा वेळा म्हटला, वेगवेगळ्या आवाजात, लहान मूल शिट्टी वाजवतं तसा. नंतर एकेक शब्द येत गेला. पूर्वीचं ते घोटीव इंग्रजी मात्र आलं नाही. पुढे त्या शिकवायच्या ते इंग्रजी, मराठी आणि अहिराणी यांचं मिळून, आणि वर्गातून कोणाला बाहेर काढायच्या नाहीत. आईशी अहिराणीत बोलायच्या. म्हातारी तेवढं ऐकून गेली.

निवृत्त झाल्यावर त्या धुळ्याला भाच्याजवळ राहायला गेल्या. पुस्तकांच्या पेट्या टेम्पोत चढवल्या आणि बाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या. मागे बसा, हवा लागेल, असं भाचा म्हणत होता, त्यांनी ऐकलं नाही. टेम्पो सुरू झाला तेव्हा त्या ड्रायव्हरला सांगत होत्या की पेट्यांवर कापड बांधलं नाही, खाली उतर आणि बांध. तो उतरला, बांधलं. मग गेले. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही आणि मी हात हलवला नाही.

धुळ्याला त्या पुष्कळ वर्षं होत्या. गेल्या त्या म्हातारपणाने. लकव्याने नाही. लकव्यातून त्या वाचल्या होत्या.